बर्फावर उभं राहण्याआधी

हिवाळ्यात श्रीनगरला जाणाऱ्या विमानात मराठी हमखास कानावर पडतं. त्यातले बहुतेक जण गुलमर्गला एका दिवसासाठी जातात. वाटेतल्या टंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि कोट चढवतात, स्लेजवर बसतात, गोंडोलातून, म्हणजे तारेवरच्या पाळण्यातून, वर जाऊन फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत खाली उतरतात. गेल्या काही वर्षांत मात्र त्याच उतारावर मुक्काम ठोकून काही शिकू पाहणारी तरुण मंडळी दिसू लागली आहेत. कुणी स्की घेतं, कुणी स्नोबोर्ड. हे प्रकरण स्नोबोर्ड घेणाऱ्यांसाठी आहे. त्यातही ज्यांनी अजून बोर्डावर पाय ठेवलेला नाही आणि येत्या हिवाळ्यात ठेवायचं ठरवलं आहे, त्यांच्यासाठी.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. पहिली सहल फसते, त्याची कारणं बहुतेक वेळा घर सोडण्याआधीच तयार झालेली असतात: सुती मोजे, उघडी मनगटं, कधीच व्यायाम न केलेल्या मांड्या, दोनच दिवसांची रजा आणि पोचल्याबरोबर डोंगराच्या माथ्यावर जायची घाई. यातलं एकही कारण असं नाही की जे टाळता येत नाही.

खेळ तसा कोवळ्या वयाचा आहे. १९६५ च्या नाताळात अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन या अभियंत्याने आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक फळी तयार केली. मुलींनी त्यावर उभं राहून घराजवळच्या टेकडीवरून घसरायला सुरुवात केली आणि गल्लीतल्या इतर पोरांनाही तशीच फळी हवीशी झाली. पॉपेनच्या पत्नीने तिचं नाव ‘स्नर्फर’ ठेवलं. त्या फळीवर पाय बांधायची सोय नव्हती. १९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटर याने व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायचा धंदा सुरू केला, आणि त्याच्यासारख्या खटपट्या माणसांमुळे पाय फळीला पक्के बांधले जाऊ लागले. अमेरिकेतल्या स्की-केंद्रांनी बोर्डवाल्यांना बरीच वर्षं लिफ्टवर चढू दिलं नाही. तरीही १९९८ साली जपानमधल्या नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंग दाखल झालं. आपल्याकडे २०२० पासून गुलमर्गला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा भरतात आणि त्यात स्नोबोर्डही असतो.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की पाय बांधले गेले आणि खेळाचा स्वभाव बदलला. स्कीवर दोन पाय दोन वेगळ्या पट्ट्यांवर असतात, हातात काठ्या असतात, तोंड उताराकडे असतं. स्नोबोर्डात दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले, हात रिकामे, शरीर उताराला आडवं आणि नजर पुढच्या खांद्यावरून. तोल गेला की एक पाऊल टाकून सावरायची आपली जन्मभराची सवय इथे उपयोगी पडत नाही. त्यामुळे बोर्ड शिकणारा पहिले दोन दिवस स्की शिकणाऱ्यापेक्षा जास्त पडतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र अंगाला गोष्ट कळते आणि मग प्रगती झपाट्याने होते. दोन दिवसांची रजा काढून गेलेला माणूस त्रासाचा सगळा हप्ता भरतो आणि गंमत सुरू व्हायच्या वेळेला परतीच्या गाडीत बसतो. म्हणून उतारावरचे निव्वळ चार दिवस तरी हातात हवेत, पाच असतील तर उत्तम. येण्याजाण्याचे दिवस त्याशिवाय.

कधी जायचं? काश्मिरी माणूस हिवाळ्याचे तीन भाग करतो. २१ डिसेंबरच्या सुमारास सुरू होणारा चाळीस दिवसांचा चिल्लै कलान, नंतर वीस दिवसांचा चिल्लै खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लै बच्चा. सगळ्यात कडक थंडी पहिल्या चाळीस दिवसांत असते, पण बर्फाची खात्री त्यावरून धरता येत नाही. इथला बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असतो आणि ते आपल्या सुट्ट्या बघून येत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लै कलानात गुलमर्गचं मैदान कोरडं, पिवळ्या गवताचं दिसत होतं. बर्फ आला तो महिना सरताना. नवशिक्याला मी फेब्रुवारी सुचवेन. तोवर उतारावर साधारणपणे जाड थर साचलेला असतो, दिवस थोडा मोठा झालेला असतो आणि नाताळ-नववर्षाची गर्दी ओसरलेली असते. तिकिटं काढण्यापूर्वी दोन आठवडे हवामानाकडे लक्ष ठेवावं, आणि शक्य असेल तर तारीख बदलता येईल असंच बुकिंग करावं.

जागा समजून घ्या, कारण नवशिक्यांच्या अर्ध्या चुका जागा न समजल्यामुळे होतात. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला साधारण ३,१०० मीटरपर्यंत नेतो आणि दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळ. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. जगभरचे तरबेज स्कीवाले आणि बोर्डवाले गुलमर्गला येतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठी. तिथला उतार यंत्राने सपाट केलेला नसतो, तो जसा पडला तसा खोल, मोकळा बर्फ असतो. नवशिक्याचं काम खाली, गुलमर्गच्या मैदानालगतच्या बुटक्या उतारांवर असतं. तिथे उभ्याउभ्या वर ओढून नेणाऱ्या छोट्या ड्रॅग लिफ्ट आहेत, उतार सौम्य आहे आणि खाली आपोआप थांबायला पुरेशी सपाटी आहे. पहिल्या सहलीत दुसऱ्या टप्प्यावर गोंडोलातून देखावा बघायला खुशाल जा, पण गोंडोलातूनच परत या. बोर्ड खाली ठेवून जा.

उंचीचा हिशेब मराठी माणसाला एका वाक्यात कळेल: श्रीनगरची जमीन जवळपास कळसूबाईच्या शिखराइतकी उंच आहे आणि गुलमर्ग त्याच्याही हजार मीटर वर. मुंबईहून सकाळी निघून दुपारी तिथे पोचणाऱ्याला पहिल्या रात्री डोकं दुखणं, झोप नीट न लागणं, जिन्यावर धाप लागणं हे होऊ शकतं. पोचल्या दिवशी बोर्डाला हात लावू नका. भरपूर पाणी प्या, हलकं जेवा, दारू टाळा. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा तिथूनच सुरू होतो. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या सुरू झाल्या तर वर थांबण्यात अर्थ नाही, खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

आता घरच्या तयारीकडे वळू. निदान सहा आठवडे आधी सुरुवात करा. स्नोबोर्डात तुम्ही सतत गुडघे वाकवून अर्धवट बसलेले असता, म्हणजे मांड्यांचा पुढचा भाग आणि कंबर यांच्यावर काम पडतं. भिंतीला पाठ टेकवून, समोर खुर्ची असल्यासारखं हवेत बसायचं. पहिल्या दिवशी पाय थरथरतील, महिनाभरात मिनिट-दीड मिनिट सहज निघेल. उठाबशा, लंजेस, प्लँक, एका पायावर डोळे मिटून उभं राहणं हे सगळं घरात होतं. याच्या जोडीला सह्याद्री आहेच. शनिवार-रविवार किल्ले चढणाऱ्यांनी चढाईचं कौतुक थोडं बाजूला ठेवून उतराईकडे लक्ष द्यावं. राजगड किंवा हरिश्चंद्रगड उतरताना गुडघे मऊ ठेवून, घाई न करता पाऊल टाकणं ही मांडीच्या त्याच स्नायूंची शिकवणी आहे. आणखी एक व्यायाम लोक विसरतात. जमिनीवरून उठणं. बोर्डावर नवशिका दिवसभरात कितीतरी वेळा बसतो आणि उठतो. दमवणारी गोष्ट घसरणं नसून हे उठणं असते. हातांचा आधार कमीत कमी घेत जमिनीवरून उठायचा सराव रोज करा.

पडण्याचाही सराव करा, गादीवर. पुढे पडत असाल तर आधी गुडघे टेकवायचे, मग हाताच्या मुठी वळून कोपरापर्यंतचा सगळा हात एकदम जमिनीवर ठेवायचा. मागे पडत असाल तर खाली बसत जायचं, पाठ गोल ठेवून लोळायचं आणि हनुवटी छातीला चिकटवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. दोन्ही वेळा तळहात पसरून आधार घ्यायचा नाही. बोलायला सोपं, करायला अवघड, कारण हात पसरणं ही आपोआप होणारी क्रिया आहे. ती मोडायला पुनरावृत्ती लागते.

याला इतकं महत्त्व देण्याचं कारण ठोस आहे. स्कीवाल्याचा गुडघा दुखावतो, नव्या बोर्डवाल्याचं मनगट मोडतं. स्नोबोर्डच्या इजांमध्ये मनगटाचा क्रमांक वरचा आहे आणि त्यात नवशिक्यांचा भरणा मोठा. मनगटाला आधार देणारे गार्ड घातले तर या इजा कमी होतात, हे नॉर्वे आणि कॅनडातल्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. स्केटिंगचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत असे गार्ड मिळतात. ते मुंबई-पुण्यातूनच घेऊन जा, भाड्याच्या दुकानात मिळतीलच या भरवशावर राहू नका. गार्ड हातमोज्याच्या आत बसतो की नाही हे घरीच बघा. बहुधा हातमोजा एक माप मोठा लागतो. हेल्मेट तर लागतंच, आणि ते बर्फातल्या खेळांसाठी बनवलेलं हवं. डोक्यावर घालून पट्टा न लावता मान हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर फिरलं नाही पाहिजे. माकडहाडासाठी आतून घालायची गादीवाली चड्डी मिळते. ती घालून फिरताना अवघडल्यासारखं होईल, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती न घेणारे लोक जेवायला उभे असतात.

कपड्यांत एकच नियम कडक: अंगाला लागून सुती काही नको. बनियन, टी-शर्ट, जीन्स, मोजे, काहीच नाही. सूत घाम पितं आणि ओलं राहतं. उतारावर पंधरा मिनिटं घाम गाळल्यावर तुम्ही लिफ्टच्या रांगेत उभे राहता, तेव्हा तो ओलावा अंगातली ऊब खेचून घेतो. अंगाला लागून पातळ लोकर किंवा पॉलिस्टरचा थर, त्यावर फ्लीस, आणि सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट आणि पँट. जानेवारीत रात्री उणे दहाच्या आसपास पारा उतरतो म्हणून लोक दोन-तीन स्वेटर घालून उतारावर येतात आणि अर्ध्या तासात उकडून निघतात. शिकणारा माणूस सतत धडपडत असतो, त्याला कमी थर पुरतात. जाड स्वेटर पाठपिशवीत ठेवा, थांबल्यावर घाला. जॅकेटपेक्षा पँटची काळजी जास्त घ्या, कारण नवशिक्याचा निम्मा दिवस बर्फावर बसून जातो. पँट झिरपली की दिवस संपला.

मोजा एकच जोड, पातळ, लोकरीचा, पोटरीच्या वरपर्यंत येणारा. थंडी जास्त म्हणून मोज्यावर मोजा चढवणं ही सर्वात जास्त आढळणारी चूक आहे. दोन मोज्यांमुळे बूट घट्ट होतो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतो. शिवाय मोजे एकमेकांवर सरकून चुण्या पडतात आणि त्या जागी फोड येतात.

सूर्याला विसरू नका. हजार मीटर चढलं की अतिनील किरणांचा जोर दहा-बारा टक्क्यांनी वाढतो आणि ताजा बर्फ त्यातले ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. म्हणजे ऊन वरून लागतं तसं खालूनही. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूला आणि हनुवटीखालीही लावायचं, दर दोन तासांनी. ढगाळ दिवशीसुद्धा. डोळ्यांना गॉगल हवाच. त्याशिवाय दिवसभर बर्फात राहिलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि पाणी थांबत नाही. ढगाळ हवेत गडद काचेतून उताराचे खळगे दिसत नाहीत, म्हणून पिवळट किंवा गुलाबी, फिकट काच उपयोगी पडते.

आता दुकानात चला. गुलमर्गात बोर्ड, बाइंडिंग (बूट फळीला पक्का धरणारी पट्ट्यांची चौकट) आणि बूट भाड्याने मिळतात. सगळ्यात जास्त वेळ बुटांना द्या. दुकानदार मापाचा आकडा विचारतो आणि एक जोड समोर ठेवतो. आकड्यावर विसंबू नका. उतारावर घालणार तोच मोजा घालून पाय आत घाला, टाच दोन-तीनदा जमिनीवर आपटून मागे बसवा, मग आतल्या मऊ बुटाची नाडी आवळा आणि शेवटी बाहेरची. सरळ उभं राहिल्यावर पायाची बोटं टोकाला हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरकली पाहिजेत. आता चवड्यांवर उभं राहा. टाच आत उचलली जात असेल तर तो बूट परत करा, दुकानदार कितीही म्हणाला की घालून घालून बसेल, तरी. टाच बोटभर हलली की तुम्ही दिलेला दाब फळीच्या कडेपर्यंत पोचायच्या आधी बुटातच जिरतो, आणि बोर्ड उशिरा ऐकतो. शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. बूट घालून दुकानात दहा मिनिटं चाला. घोट्याला किंवा पावलाच्या बाजूला बोचत असेल तर उतारावर ते दुप्पट बोचेल. हात घालून आतून ओला नाही ना, हेही बघा. रात्री खोलीत आतला बूट बाहेर काढून वाळत ठेवायचा, पण बुखारीला, म्हणजे खोली गरम करणाऱ्या शेगडीला, चिकटवून नाही. त्याचा फोम आणि गोंद उष्णतेने खराब होतो.

बोर्डाची लांबी उभा धरल्यावर हनुवटी ते नाक यांच्या मध्ये यावी, ही ढोबळ खूण. वजन जास्त असेल तर थोडा लांब, कमी असेल तर थोडा आखूड. फळी मऊ, सहज वाकणारी मागा. कडांवर गंज आणि खोल खड्डे नाहीत ना, बाइंडिंगचे स्क्रू घट्ट आहेत ना, पट्ट्यांचे दाते सरकत नाहीत ना, हे दुकानातच तपासा. बाइंडिंगचा कोन विचारला तर दोन्ही पावलं थोडी बाहेरच्या दिशेला वळलेली ठेवायला सांगा, पुढचं साधारण पंधरा अंश आणि मागचं उलट दिशेला तितकंच किंवा थोडं कमी. पुढे कोणता पाय? गुळगुळीत फरशीवर मोजे घालून थोडं धावा आणि घसरा. घसरताना जो पाय आपोआप पुढे जातो तो पुढचा. डावा पुढे असणाऱ्यांना जगभर ‘रेग्युलर’ म्हणतात आणि उजवा पुढे असणाऱ्यांना ‘गूफी’. दोन्ही सारखेच चांगले. दुकानदाराला मात्र आधी सांगावं लागतं.

शिक्षकाबाबत काटकसर करू नका. मित्र शिकवेल, व्हिडिओ बघून जमेल, या दोन्ही समजुती उतारावर टिकत नाहीत. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतली स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे आणि गावात शिकवणारे स्थानिक तरुण पुष्कळ आहेत. बहुतेकांचा मूळ हात स्कीवर बसलेला असतो. तेव्हा ठरवण्याआधी स्पष्ट विचारा: तुम्ही स्वतः बोर्डावर शिकवता का? एका वेळी किती जणांना? दिवसाचे किती तास? ही उत्तरं समाधानकारक नसतील तर दुसरा बघा. उत्तराखंडात औली आणि हिमाचलात मनालीजवळचं सोलंग हेही पर्याय आहेत, पण तिथेही प्रश्न हाच. आखातात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना घराजवळ एक सोय आहे. दुबईच्या मॉलमध्ये २००५ पासून चालू असलेल्या ‘स्की दुबई’त चारशे मीटरचा बंदिस्त उतार आहे. तिथे दोन-तीन तासिका घेऊन मग हिमालयात आलेला माणूस पहिल्याच दिवशी पुढे असतो.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर उतारावर जा. अकरानंतर दिवसभराचे पर्यटक आणि स्लेजवाले यांनी तोच उतार भरून जातो. सुरुवात सपाटीवर, फक्त पुढचा पाय बांधून. मागच्या पायाने ढकलत पुढे सरकायचं, मग थोड्या उतारावरून सरळ घसरून आपोआप थांबायचं. यानंतर दोन्ही पाय बांधले जातात आणि खरा धडा सुरू होतो.

बोर्डाच्या दोन्ही लांब बाजूंना पोलादी कडा असतात, एक टाचांकडे, एक बोटांकडे. सगळा खेळ या दोन कडांचा आहे. उताराला बोर्ड आडवा धरून, डोंगराकडची कड बर्फात रुतवली की तुम्ही थांबता. ती थोडी सैल केली की हळूहळू खाली सरकता. आधी टाचांच्या कडेवर, तोंड दरीकडे करून. हे सरकणं ताब्यात आलं की वजन थोडं डाव्या, थोडं उजव्या पायावर टाकत, झाडाचं पान हेलकावे घेत गळावं तसं दोन्ही बाजूंना जात खाली यायचं. एवढ्यावर सौम्य उतारावरून सुरक्षित खाली येता येतं. मग हेच बोटांच्या कडेवर, तोंड डोंगराकडे करून. दरीकडे पाठ असल्याने याची भीती जास्त वाटते आणि बरेच जण हा धडा टाळतात. टाळणाऱ्याला वळण कधीच येत नाही, कारण वळण म्हणजे एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणं.

सगळ्यात जोराचं पडणं वेगात होत नाही. ते जवळपास थांबलेलं असताना होतं. बोर्ड आडवा आहे, तुम्ही हळू सरकताय, दमलाय, क्षणभर फळी सपाट पडते आणि दरीकडची कड बर्फात अडकते. पाय जागच्या जागी थांबतात, शरीर पुढे जातं, आणि मध्ये विचार करायला वेळ नसतो. त्यासाठीच गार्ड, हेल्मेट आणि गादीवरचा सराव. उपाय एकच: आडवं असताना दरीकडची कड नेहमी किंचित उचललेली. आणि नजर पायांकडे नाही, जायचं तिकडे. डोकं वळतं तिकडे खांदे वळतात, खांद्यांमागून कंबर, कंबरेमागून बोर्ड.

दमलात की थांबा. दुपारच्या शेवटच्या फेऱ्यांत पाय ऐकत नाहीत आणि बर्फही टणक होऊ लागतो. विश्रांतीला बसताना उताराच्या मध्यात, किंवा वरून दिसणार नाही अशा उंचवट्यामागे बसू नका, कडेला जा. तुमच्या खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला, त्याला चुकवायची जबाबदारी वरून येणाऱ्याची, हा जगभरचा नियम आहे. बोर्ड काढून ठेवताना बाइंडिंग खाली, तळ वर. उलट ठेवलेला बोर्ड एकटाच उतारावरून सुटतो आणि खाली कुणाच्या तरी पायावर जाऊन आदळतो.

हिमस्खलनाबद्दल गंभीरपणे बोलायला हवं. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. ते तर बर्फात वावरायचं शिक्षण घेणारे लोक होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. ताज्या, मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे दिवस सर्वात मोहाचे आणि सर्वात धोक्याचे असतात. वरच्या डोंगरावर जाणारे लोक ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा माग काढणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं घेऊन, ते वापरायचं शिकून आणि वाटाड्या घेऊन जातात. चार दिवसांच्या शिकवणीने त्यांच्या पंक्तीत बसता येत नाही. कुणी ‘चला, काही होत नाही’ म्हणालं तरी उताराची हद्द दाखवणाऱ्या दोरीपलीकडे जाऊ नका.

काही व्यवहाराच्या गोष्टी. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. गोंडोलाचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं. मोठा बर्फ पडला की टंगमर्गच्या वर चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच जातात, त्याचा वेळ हिशेबात धरा. श्रीनगरची विमानं बर्फामुळे आणि धुक्यामुळे रद्द होतात, म्हणून परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा ठेवा. प्रवासविमा घेताना त्यात स्नोबोर्डिंगची इजा धरली आहे का, हे कागदावर वाचा. पुष्कळ विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. गुडघ्याची जुनी दुखापत, रक्तदाब, दमा असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

आणि बोर्ड विकत घेऊ नका, निदान पहिल्या सहलीत तरी नाही. ज्या पैशांत नवा बोर्ड येईल त्यात मनगटाचे गार्ड, नीट पँट, चांगला गॉगल आणि शिक्षकाचे आणखी दोन दिवस भागतात. बोर्ड भाड्याचाच घ्या, दोन्ही कडांवर खाली यायला शिका, आणि दुसऱ्या हिवाळ्यात परत जावंसं वाटलं तर मग काय घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.